तीन खोल्यांचा सायलेन्सर

मच्छिंद्रराव गायकवाड हे काही डॉक्टर नव्हते. सरकारी कागदावर ते पशुधन पर्यवेक्षक होते. पण एवढा लांबलचक शब्द उच्चारायला खेड्यातल्या माणसाला सवड नसते, म्हणून भूमपासून खडकवाडीपर्यंत सगळे त्यांना डाक्टर म्हणायचे. आणि आपण डाक्टर नाही हे सांगायला मच्छिंद्ररावांनाही पंधरा वर्षांत कधी सवड झाली नव्हती. डाक्टर म्हटला की डोक्याला हॅट लागते, हातात पेटी लागते आणि बुडाखाली फटफटी लागते. हॅट त्यांची वाऱ्यानं उडायची, पेटीची कडी तुटलेली होती, पण फटफटी मात्र अस्सल राजदूत होती. एका निवृत्त शेतकी अधिकाऱ्याकडून घेतलेली. घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा ते तिला जास्त मायेनं पुसायचे. हे वाक्य आमचं नाही, त्यांच्या पत्नी मालनबाईंचं आहे.

तर शहाऐंशीच्या मे महिन्यात, खडकवाडीच्या कोरड्या ओढ्यात, ह्या राजदूतचा सायलेन्सर धोंड्यावर आपटून मधोमध फाटला. मच्छिंद्ररावांनी तो तारेनं बांधला आणि गाडी तशीच पुढं छावणीवर नेली. तिथंच चुकलं.

दुष्काळाचं दुसरं-तिसरं वर्ष. खडकवाडीच्या सोसायटीनं माळावर गुरांची छावणी उघडली होती आणि चार गावांची तीनशे जनावरं तिथं दाव्याला बांधलेली होती. पलीकडच्या वाडीत दोन म्हशी घटसर्पानं गेल्या होत्या. सकाळी घसा सुजला, संध्याकाळी म्हैस आडवी. छावणीत एवढी जनावरं अंगाला अंग लावून उभी. एकीला झाला तर तीनशेला व्हायला किती वेळ? त्यामुळं लस टोचणं निकडीचं होतं, आणि बर्फात ठेवलेली लस घेऊनच मच्छिंद्रराव निघाले होते.

पण गुरांनाही स्मरणशक्ती असते. आठवड्यापूर्वीच खुरकुताची सुई टोचून गेलेला तो हाच प्राणी, हे त्यांनी अर्ध्या कोसावरून राजदूतच्या आवाजावरून ओळखलं; आणि आवाज तर आता फाटक्या नळीनं दसपट झालेला. ठाड-ठाड-ठाड करीत मच्छिंद्रराव माळावर चढले तेव्हा समोर फक्त धूळ होती. तीनशे जनावरं खुंट्यांसकट गेली होती. धुरपदाबाई नावाच्या एका म्हातारीची म्हैस दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गावच्या दगडखाणीत सापडली. म्हातारीला मागं-पुढं कोणी नव्हतं, होती ती म्हैसच.

"डाक्टर," ती म्हणाली, "तुमची सुई लई चांगली असंल. पर तिच्या आधी तुमी येता, त्येचं काय करायचं?"

मच्छिंद्ररावांना ते वाक्य जेवताना आठवलं, झोपताना आठवलं आणि सोमवारी जिल्ह्याच्या साहेबांचं पत्र आलं तेव्हा तर पाठच झालं. शुक्रवारी साहेब स्वतः छावणीच्या पाहणीस येणार होते. तोवर लसीकरण पूर्ण करावे, अन्यथा खुलासा सादर करावा. खुलासा हा शब्द ज्यानं नोकरी केली आहे त्यालाच कळतो. त्यात एकदा शिरलेला माणूस निवृत्त होऊनच बाहेर पडतो.

"गाडी लांब लावा आन पायी जावा की," मालनबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

"बर्फ वितळंल."

"पोत्यात गुंडाळा."

"ऊन किती आहे!"

"ऊन काय फटफटीवर लागत न्हाय व्हय?"

ह्यावर मच्छिंद्ररावांनी पत्राची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. बायकोला खरं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. खांद्यावर पोतं टाकून धुळीतनं चालत येणाऱ्या माणसाला कोण डाक्टर म्हणतं? पंधरा वर्षांत कमावलेली हॅट एका दिवसात उतरली असती. त्यापेक्षा सायलेन्सर बदलणं सोपं, असं त्यांना वाटलं.

भूमच्या नाक्यावर खाजाभाई मिस्त्री होते. त्यांनी खाली वाकून फाटकी नळी पाहिली आणि सुतकात आल्यासारखी टोपी काढली.

"डाक्टरसाब, इसका तो पेट फट गया. कंपनीका मंगाया तो सोलापूरसे आयेगा. पंधरा रोज."

"मला शुक्रवारी लागतो हो!"

"फिर एक माल है. ऐसावैसा नहीं."

तो माल कुठल्याशा शौकीन पोराच्या गाडीवरून उतरवलेला होता. शेपटी वर केलेल्या विंचवासारखी वळलेली चकचकीत पुंगळी. आत जाळी नावाला नाही. आवाज कमी करायचा आहे हे मच्छिंद्ररावांनी तीनदा सांगितलं आणि खाजाभाईंनी तीनदा "सुनो तो सही" म्हटलं. ऐकायला म्हणून त्यांनी गाडी बाजाराच्या रस्त्यानं काढली. बाजाराचाच दिवस होता. पहिल्या दणक्याला मडकीवाल्याचं गाढव मडक्यांवर बसलं, दुसऱ्याला एक बोकड दोर तोडून कापडाच्या दुकानात शिरला आणि तिसऱ्याला पोरांचा घोळका "डाक्टर, आणखी एकदा!" असं ओरडत मागं लागला. पन्नाशीला टेकलेला सरकारी नोकर, डोक्याला हॅट, आणि मागं पोरं. मच्छिंद्ररावांनी गाडी बंद केली आणि ढकलत परत आणली.

ही बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. शेजारचे किराणा दुकानदार माणिकप्पा ओट्यावर वाटच बघत बसले होते. माणिकप्पांनी जन्मात फटफटीवर पाय टाकला नव्हता, त्यामुळं त्यांना तिच्यातलं सगळं कळायचं.

"अहो, आवाज म्हणजे काय? वारा," ते म्हणाले. "वाऱ्याला काय लागतं? बोळा. जुन्याच नळीला पत्रा मारा आणि आत काथ्या ठासा. आमच्या खाटेचा आहे, पाहिजे तेवढा न्या."

काथ्या ठासला. आणि खोटं कशाला बोला, गाडी खरंच गप्प झाली. मंगळवारी संध्याकाळी मच्छिंद्रराव गल्लीतून गेले तर दारात झोपलेलं कुत्रंसुद्धा उठलं नाही. माणिकप्पा ओट्यावर उभे राहून लोकांना आपली युक्ती समजावून सांगू लागले. एस.टी. स्टँडपर्यंत सगळं झकास होतं. तिथं कोणीतरी म्हणालं, "डाक्टर, तुमच्या बुडाखालनं धूर निघतोय." दोन स्ट्रोकची गाडी, पेट्रोलात तेल, नळी तापलेली, आणि आत माणिकप्पांची अर्धी खाट. जाळ झाला.

"पाणी! पाणी आणा!" मच्छिंद्रराव ओरडले.

स्टँडवरच्या माणसांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की जसं काही त्यांनी चांदी मागितली होती. त्या उन्हाळ्यात भूमला चौथ्या दिवशी नळ यायचा. राजदूतवर ओतायला पाणी कोणाच्या घरी होतं? मग लोकांनी माती टाकली. चहावाल्यानं राख टाकली. मूठमूठ माती टाकणाऱ्यांची रांग लागली, आणि गाडीचे मालक म्हणून मच्छिंद्ररावांना शेवटपर्यंत हात जोडून तिथंच थांबावं लागलं.

बुधवार उजाडला. दवाखान्यातला परिचर ज्ञानोबा बातमी घेऊन आला की वाडीत तिसरी म्हैस गेली. खुलाशाची भीती होती ती होतीच, पण त्या रात्री मच्छिंद्ररावांच्या स्वप्नात साहेब आले नाहीत, धुरपदाबाईची म्हैस आली, घसा सुजलेली.

शेवटचा आसरा ढोकीचा ईरण्णा. तो साखर कारखान्यात फिटर होता. त्याच्या गाईचं आडवं आलेलं वासरू मच्छिंद्ररावांनी एकदा मोकळं केलं होतं आणि "डाक्टर, कवाबी हाक मारा" असं तो म्हणाला होता. उसाअभावी कारखान्याचा हंगाम लवकरच संपून पट्टा पडलेला, ईरण्णा घरी बसून हात चोळत होता. गुरुवारी पहाटे मच्छिंद्रराव तशीच बोंबलती गाडी हाणीत ढोकीला गेले. वाटेतल्या प्रत्येक गावानं दारात येऊन त्यांना पाहिलं.

ईरण्णानं सगळी हकीकत ऐकली आणि मान हलवली.

"आवाज मारता येत न्हाय, डाक्टर. त्यो बी जीवच हाय. त्येला ऱ्हायला खोल्या द्यायच्या. पयल्या खोलीत भांडंल, दुसरीत दमंल, तिसरीत गप पडंल."

भंगारवाल्याकडून त्यानं जुन्या पंपाची मांडीएवढी जाड नळी आणली, तिच्यात पत्र्याच्या भिंती घातल्या, भिंतींना भोकं पाडली आणि दिवसभर वेल्डिंग करून तीन खोल्यांचं ते घर राजदूतला जोडलं. संध्याकाळी किक मारली. ठाड-ठाड खरंच गेलं होतं. त्याच्या जागी छातीत घुमणारा, संथ, जाडजूड आवाज आला. डुग्... डुग्... डुग्...

"कमी कुठं झाला?" मच्छिंद्रराव रडवेले होऊन म्हणाले.

"कमी न्हाय, भारदस्त झाला," ईरण्णा म्हणाला. "आता कसा चेअरमन बोलल्यावानी वाटतोय."

दुसरा इलाज करायला वेळच नव्हता. खोल्यांच्या पायी गाडीचा जोर मात्र पार गेला. येडशीच्या चढाला मच्छिंद्रराव खाली उतरून गाडीला हाताशी धरून चालत होते.

शुक्रवारी सकाळी मागं ज्ञानोबाला बसवून, त्याच्या मांडीवर लसीचा थर्मास देऊन ते निघाले. बेत ठरला होता. छावणीच्या अलीकडं उतार आहे. तिथं गाडी बंद करायची आणि अल्लाद सोडून द्यायची. गुरांना कळायच्या आत दाव्याशी हजर. उतारावर सगळं बेतासारखं झालं. पण उतारानंतर चढ असतो, हे बेत ठरवताना राहून गेलं होतं. चढाच्या पायथ्याशी राजदूत थांबली. मच्छिंद्ररावांनी डोळे मिटले, मनातल्या मनात सोनारीच्या भैरोबाला नारळ बोलला आणि किक मारली. डुग्... डुग्... डुग्...

वर माळावर एकदम कल्ला उठला. "गेली!" ज्ञानोबा कण्हला. "सगळी गेली, डाक्टर!"

ते चढून वर आले आणि मच्छिंद्ररावांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. गुरं पळत नव्हती. गुरं येत होती. माणसं भराभर दावी सोडत होती आणि तीनशे जनावरं हंबरत, एकमेकांना ढुशा देत पत्र्याच्या लांब डोणीकडं धावत होती. बायका हातात घागरी घेऊन पळत होत्या. बघता बघता डोणीच्या दोन्ही अंगांना गुरांच्या रांगा लागल्या. माना खाली, तोंडं डोणीत, मानेची कातडी टोचायला अगदी समोर.

"डाक्टर," ज्ञानोबा दबक्या आवाजात म्हणाला, "ह्यांना पाण्याचा ट्रॅक्टर वाटला. त्यो असाच वाजतो. रोज बाराला येतो."

माणसांनाही तेच वाटलं होतं. धुळीतून राजदूत बाहेर आली तसे घागरी घेतलेल्या बायकांचे चेहरे उतरले. कोणी शिवी दिली असती तर मच्छिंद्ररावांना बरं वाटलं असतं. रिकाम्या घागरी जमिनीवर टेकल्याचा तेवढा आवाज झाला.

"ज्ञानोबा, सुई भर," मच्छिंद्रराव म्हणाले.

हात इतका झरझर त्यांचा कधी चालला नव्हता. डोण कोरडी होती, तरी जनावरं ती चाटत उभी राहिली. आत्ता पाणी येईल, मग येईल, ह्या आशेवर सुई सोसत उभी राहिली. अकराला साहेबांची जीप आली तेव्हा अडीचशेवर माना टोचून झाल्या होत्या. साहेबांनी रांगा पाहिल्या आणि गॉगल काढला.

"वा, गायकवाड! ही शिस्त! काय केलंत काय?"

मच्छिंद्रराव काही बोलणार, तोच सोसायटीचे चेअरमन नानासाहेब पुढं झाले आणि त्यांनी ह्या सायलेन्सरची सगळी करामत जणू आपणच घडवल्यासारखी सांगितली. साहेबांनी वाकून ती नळी पाहिली, वहीत टिपून घेतली, सोडा प्याले आणि गेले.

राहता राहिली धुरपदाबाईची म्हैस. म्हातारीनं तिची मान धरली.

"टोचा, डाक्टर. आज बघा कशी गपगार उभी हाय." मग इकडं तिकडं बघून ती हळूच म्हणाली, "पर पानी न्हाय व्हय आनलं?"

"येतंय, आजी. बाराला येतंय."

म्हैस डोणीचा पत्रा चाटता चाटता त्यांच्याकडं बघत होती. मच्छिंद्ररावांना इतकी लाज कधी वाटली नव्हती. पण सुई टोचली गेली. तीनशेच्या तीनशे झाली. खुलासा टळला, घटसर्प टळला. बांधावर बसून त्यांनी घाम पुसला.

बाराला खरा ट्रॅक्टर आला. डुग्... डुग्... डुग्...

तीनशे जनावरांनी एकदम कान टवकारले, आणि डुग् म्हणजे सुई हे ओळखून पुढच्या क्षणी टेकडीकडं तोंड करून उधळली. मे महिन्याचं ऊन, कालपासून पाण्याचा थेंब नाही, मागं चार हजार लिटरची टाकी गळतेय, आणि गुरं पाण्यापासून जीव घेऊन पळतायत! माणसं हाका मारत मागं धावली. ट्रॅक्टरवाला घाबरून हॉर्न वाजवायला लागला, त्यानं उरलीसुरली वासरंही गेली. दिवस कलल्यावर ट्रॅक्टर पार दिसेनासा झाला तेव्हा कुठं एकेक जनावर बिचकत डोणीवर आलं. दोन वासरं तोवर आडवी झाली होती. त्यांच्या तोंडात मच्छिंद्ररावांनी चुळकाचुळकानं पाणी घातलं, तेव्हा उठली.

नानासाहेबांनी निकाल दिला. "उद्यापास्नं ट्रॅक्टर लिंबाच्या झाडाखाली बंद करायचा. टाकी सोडवायची आन तिथनं डोणीपातूर मान्सांनी ढकलत आनायची. दोन फर्लांग हाय. डाक्टर, पयला खांदा तुमचा."

तेव्हापासून रोज बाराला, भर उन्हात, पंचवीस माणसांबरोबर पशुधन पर्यवेक्षक पाण्याची टाकी ढकलू लागले. हॅट ते लिंबाला अडकवून ठेवत. माणिकप्पा मुद्दाम एस.टी.नं येऊन ते बघून गेले आणि चाकाला एरंडेल लावा असा सल्ला देऊन गेले. गुरं पुढं आठ-दहा दिवसांत निवळली, पण सहाव्या दिवशी मच्छिंद्ररावांचा खांदा टाकीला असतानाच ज्ञानोबा एक पाकीट घेऊन धावत आला.

साहेबांचा आदेश होता. खडकवाडी पद्धतीचे प्रात्यक्षिक सोमवारी परांड्याकडच्या मोठ्या छावणीवर करावे. जिल्ह्यातील सर्व पर्यवेक्षकांनी हजर राहून सदर सायलेन्सर आपापल्या वाहनास बसवून घ्यावा. श्री. गायकवाड यांना प्रशस्तिपत्र देण्यात येईल.

पंधरा वर्षांत सरकारनं मच्छिंद्ररावांना जी काही पत्रं पाठवली त्यात 'श्री.' पहिल्यांदाच लागलं होतं. त्यांनी पत्र चारदा वाचलं. मालनबाईंनी पॅन्टला इस्त्री केली. प्रशस्तिपत्राला काच लावायची का, ह्यावर दोघांचं बोलणंही झालं. आणि मग रविवारी, चहा पिता पिता, त्यांना जिल्ह्यातल्या सगळ्या छावण्या दिसल्या. माळामाळावर डुग्-डुग् करीत येणारे पर्यवेक्षक, आणि मागून येणाऱ्या पाण्यापासून पळणारी हजारो गुरं. रोज दोन फर्लांग टाकी ढकलायला प्रत्येक गाव थोडंच तयार होणार होतं?

शूर माणसानं साहेबांच्या तोंडावर जाऊन सांगितलं असतं. मच्छिंद्रराव शूर नव्हते. त्यांनी कोळसे फोडायचा हातोडा घेतला, परसात जाऊन सायलेन्सर उतरवला आणि त्यावर घाव घालायला सुरुवात केली. ईरण्णाचं काम पक्कं. नळी नुसती इकडून तिकडं गडगडत होती. मालनबाई दारात उभ्या होत्या.

"आन ते प्रशस्तिपत्र?"

"राहू दे."

मालनबाई खाली आल्या आणि त्यांनी नळीचं दुसरं टोक पायानं घट्ट दाबून धरलं.

सोमवारी मोठ्या छावणीवर मांडव घातला होता. बारा पर्यवेक्षक वह्या उघडून बसले होते. खुर्चीवर साहेब होते. उघड्या नळीची राजदूत ठाड-ठाड-ठाड करीत माळावर चढली आणि त्या छावणीतली पाचशे जनावरं खुंटे उपटून दाही दिशांना गेली. जाता जाता त्यांनी मांडवही नेला.

"ही तुमची खडकवाडी पद्धत?" साहेब खुर्चीवरून उठले. "कुठंय तो सायलेन्सर?"

"फुटला, साहेब."

"फुटला? आजच फुटला? आणि आता ह्या पाचशे जनावरांना कोण टोचणार?"

"मी टोचतो, साहेब. उद्या उजाडायला पायी येतो. लस पोत्यात गुंडाळून आणतो. एकेक जनावर दाव्याशी धरून टोचतो."

"पायी! डाक्टर म्हणवता ना स्वतःला?"

बारा पर्यवेक्षक हसले. मच्छिंद्ररावांचे कान तापले. साहेबांच्या तोंडाचा पट्टा आता सुरू झाला होता. नालायक झालं, निष्काळजी झालं, खुलासा झाला, बदलीचंही झालं. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर पाण्याचा ट्रॅक्टर वाजू लागला. डुग्... डुग्... डुग्...

मच्छिंद्ररावांनी टेकडीकडं पाहिलं. टेकडीवर पांगलेल्या जनावरांनी माना वर केल्या. मग एक वळलं, दुसरं वळलं, आणि पाचशेच्या पाचशे धूळ उडवत, हंबरत, ट्रॅक्टरच्या दिशेनं खाली धावत आली. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंदसुद्धा न करता तोटी सोडली.

"माझ्याकडं बघा, गायकवाड! मी काय बोलतोय?"

"होय, साहेब," मच्छिंद्रराव म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेतूनही डोण दिसत होती. एक तांबडी कालवड दोन म्हशींच्या मधून मुसंडी मारून शिरली होती आणि नाकपुड्या बुडेपर्यंत तोंड घालून पीत होती. बोलणं संपलं की राजदूतला किक मारावी लागणार होती; कालवडीचं पोटभर पिऊन होईपर्यंत साहेबांनी बोलत राहावं, असं मच्छिंद्ररावांना मनापासून वाटलं.